पाच खोल्यांचं घर आणि कांद्याची चाळ

शिरूर तालुक्यात पाहण्यासारखं काय, असं विचारलं की लोक रांजणगावच्या महागणपतीचं नाव घेतात, वढू बुद्रुकच्या संभाजी महाराजांच्या समाधीचं घेतात, फार तर पाबळच्या मस्तानीच्या कबरीचं. निमोण्याचं नाव कुणी घेत नाही. मी तिथली घरं बघायला जातोय म्हटल्यावर ओळखीच्या मंडळींचा सूर एकच होता : "घरं? ती काय बघायची?" मला नेमकी तीच बघायची होती. नावाजलेली वास्तू एखादा राजा, सरदार किंवा ट्रस्ट बांधतो आणि तिच्यावरून त्या राजाचं कळतं. बाकीची माणसं कशी राहतात, कशाला भितात, कशाची मिजास करतात हे समजून घ्यायचं असेल तर राहत्या घरापाशी, गोठ्यापाशी, गावच्या कमानीपाशी थांबावं लागतं.

पुणे-नगर रस्त्याला लागलं की वाघोलीची कोंडी संपेपर्यंत माणूस दुसऱ्या कशाचा विचार करत नाही. ती संपली आणि लोणीकंद मागं पडलं की पेरण्याजवळ भीमेच्या काठी जयस्तंभ दिसतो. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईची आठवण म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनं 1821 साली त्याचा पाया घातला. दगडी सुळका उभारायची ही तऱ्हा मूळची इजिप्तची. युरोपातल्या राज्यकर्त्यांनी ती उचलली आणि कंपनीनं इथं आणली. स्तंभावर 49 नावं कोरली आहेत, त्यातली 22 'नाक' लावलेली, महार सैनिकांची. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर इथं आले आणि त्यानंतर हा स्तंभ कंपनीचा राहिला नाही. आज तो दिनदर्शिकेवर आहे, गाडीच्या मागच्या काचेवर आहे, भीमगीतांच्या कार्यक्रमात मंचामागच्या पडद्यावर आहे. दरवर्षी एक जानेवारीला त्याच्यापुढं लाखोंची गर्दी होते आणि त्या गर्दीला कंपनीच्या विजयाशी काही देणंघेणं नसतं. दगड तोच, मालक बदलले. इमारतींच्या इतिहासात हे वरचेवर घडतं, पण इतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

पुढं रांजणगावला देवळाच्या मोठ्या दरवाज्याशी फोटो काढणाऱ्यांची दाटी असते आणि रस्त्यापलीकडं औद्योगिक वसाहतीतल्या काचेच्या दर्शनी भिंती. दोन्हीकडं फार न थांबता शिरूर गाठलं. जुनी माणसं अजून या गावाला घोडनदीच म्हणतात. इथं इंग्रजांची छावणी होती आणि कोरेगावला लढलेली तुकडी याच छावणीतून निघाली होती. आता छावणीपेक्षा एस. टी. स्टँड मोठा वाटतो.

शिरूर सोडून आतल्या रस्त्याला लागलं की फाट्याफाट्याला कमानी लागतात. कमान हा गेल्या काही दशकांतला ग्रामीण महाराष्ट्राचा सगळ्यात लोकप्रिय वास्तुप्रकार आहे आणि त्याच्यावर कुणी धड लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. दोन बाजूंना किल्ल्याचे बुरूज, वर कंगोरे, मधोमध देवाची किंवा महाराजांची मूर्ती, खाली 'सुस्वागतम्', त्याखाली कुणाच्या स्मरणार्थ बांधली त्यांचं नाव आणि ज्यांनी बांधली त्यांची त्याहून ठळक नावं. बुरूज सिमेंटचे असतात, आतून पोकळ. जुन्या वेशीला दार होतं, ते रात्री लागायचं, वेशीबाहेर राहिलेल्याची रात्र बाहेरच जायची. कमानीला दार नाही. तिचं सगळं काम बोलण्याचं आहे. मला या कमानी कुरूप वाटतात, हे सांगून टाकतो. पण गावाला आपली हद्द कुठं सुरू होते हे दाखवायची गरज अजून वाटते, ही गोष्ट काही कुरूप नाही.

निमोणे हा घोड नदीच्या पट्ट्यातला गाव. करडे, गुणाट, शिंदोडी, चिंचणी ही शेजारची नावं. चिंचणीला घोड धरण आहे, 1960 च्या दशकातलं. त्याचं पाणी जिथं पोचलं तिथं ऊस आला, जिथं विहिरीवर भागवावं लागलं तिथं कांदा, आणि दोन्हींच्या पैशांनी घरं बदलली. हे मी अंदाजानं म्हणत नाही. मारुतीच्या देवळापुढं बसलेल्या एका गवंड्यानं मला गावातली घरं पिकांवरून ओळखून दाखवली. "ते उसाचं. हे कांद्याचं. त्याच्या पल्याडचं पण कांद्याचं, पर भाव पडल्यावर राह्यलं तसंच." राह्यलेल्या घराच्या स्लॅबमधून गंजलेल्या सळया वर आलेल्या होत्या. वरचा मजला पुढच्या भावाची वाट पाहत होता.

जुनी घरं गावठाणात मधेमधे उरली आहेत, बरीचशी अर्धीमुर्धी. अशा एका माळवदाच्या घरात मी गेलो. दगडाचं जोतं, दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांबांचे खण. खांबांवर तुळया, तुळयांवर किलच, त्यावर पाल्याचा थर, मग चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती रानातली काळी नव्हे. जुन्या गावठाणाची, पिढ्यान् पिढ्या माणसं राहून गेलेल्या जागेची. ती भिजली की घट्ट बसते आणि पाणी खाली येऊ देत नाही. दर उन्हाळ्यात तिचा नवा थर द्यायचा, धुमसायचा, पन्हाळीकडं उतार राहील हे बघायचं. उजेडासाठी माळवदाला सवणं. पाऊस आला की वर धावत जाऊन ते झाकायचं. उन्हाळ्यात याच माळवदावर कुरडया, पापड वाळायचे आणि रात्री सगळं घर वर निजायचं.

घरातल्या आजी ओसरीवर बसून लसूण सोलत होत्या. मी विचारलं, "आजी, बळद कुठं होतं हो?"

त्यांनी माझ्याकडं जरा संशयानं पाहिलं. पुण्याहून आलेला माणूस बळद विचारतो म्हणजे काहीतरी सरकारी असणार. मग हातातल्या लसणीनंच आत दाखवलं. "ती काय, टीव्हीच्या मागं."

माजघराच्या आतल्या भिंतीलगत पूर्वी वरपर्यंत एक पोकळ कप्पा होता. बाजरी वरून ओतायची, तोंड लिंपून टाकायचं आणि लागेल तशी खालच्या भोकातला बोळा काढून घ्यायची. "बोळा काढला का घळाघळा यायची," आजी म्हणाल्या. मुलाच्या लग्नात ते बळद फोडलं. त्या जागी आता फरशी बसवलेली शोकेस आहे : टीव्ही, दोन ढाली, प्लास्टिकची फुलं, नातवाचा शाळेतला फोटो. घरातली सगळ्यात जपलेली जागा तीच राहिली. पूर्वी तिथं वर्षाचं अन्न होतं आणि ते पाहुण्याला दिसायचं नाही. आता तिथं जे आहे ते पाहुण्यासाठीच आहे.

जुन्या घराचं तोंड आत होतं. रस्त्याकडं सलग भिंत, उंचावर एखादा झरोका, वाकून शिरावं असा दरवाजा, मग ढेलज, मग चौक. आणि जी काय श्रीमंती असेल ती चौकातल्या खांबांच्या नक्षीत. बाहेरून सावकाराचं घर आणि बेताच्या कुळाचं घर यांत फरक जोत्याच्या उंचीचा आणि दगडाच्या घडाईचा. दरोड्याच्या भीतीनं शिकवलेली ही रीत होती. बाईमाणसाला रस्त्यापासून आड ठेवण्याचाही तिच्यात मोठा वाटा होता, तेव्हा तिच्या आठवणीनं फार गहिवरायचं कारण नाही. त्या देखण्या चौकात उन्हाळ्याच्या दुपारी किती बायकांचा जीव घुसमटला असेल हे वाड्यांवर लिहिणारे सांगत नाहीत.

नवं घर रस्त्याकडं तोंड करून उभं राहतं. पुढं पोर्च, पोर्चला जाड गोल खांब, गॅलरीला स्टीलचे कठडे, वर मुलाचं, आईवडिलांचं किंवा एखाद्या किल्ल्याचं नाव. या दर्शनी भागाला आता खेड्यात सगळे इलेव्हेशन म्हणतात आणि त्याचं अंदाजपत्रक वेगळं निघतं. गवंड्याला विचारलं, नमुना कुठून येतो?

"इंजिनियर कागद देतो. मालक मोबाईल दाखवतो. म्हणतो, असं पायजे."

"मग?"

"मग काय. मोबाईलसारखं करतो."

मोबाईलमध्ये काय असतं ते मी बघितलं. कुठल्याशा मालिकेतल्या बंगल्याचा फोटो, बारामतीकडच्या एका मंगल कार्यालयाचा, एका पाहुण्याच्या घराचा, आणि एक तर इंटरनेटवरचं संगणकानं काढलेलं चित्र. त्यातली झाडंसुद्धा इथली नव्हती. यातून गवंडी जे काढतो ती खरी कलाकुसर म्हणायची. चित्रातली काच त्याच्याकडं नसते, खांब त्या जाडीचे परवडत नाहीत, तरी तो दोन दिवस डोकं लावून त्यातल्या त्यात तसं दिसणारं काही उभं करतो. पण घराच्या मागं गेलं की विटा उघड्या. गिलावा पुढच्या वर्षी. मागच्या बाजूला चूल आहे, सरपण आहे, सांडपाण्याचा खड्डा आहे आणि बहुतेक वेळ घरातल्या बाया तिकडंच असतात. नव्या घराची पुढची गॅलरी मात्र मला फिरलो तेवढ्या वेळात सगळीकडं रिकामी दिसली.

घर कसं दिसावं हे सिनेमानं शिकवलं, हे आता म्हणायला कुणी नवं लागत नाही. पण त्याची दुसरी बाजू मजेची आहे. मराठी तमाशापटांनी आणि पाटीलपटांनी वाडा इतका वापरला की वाडा म्हणजे खलनायकाचं घर असं दोन पिढ्यांच्या डोक्यात बसलं. आता वाडे पडत आले तर तेच पडद्यावर हवेहवेसे झाले. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघायला जाणारे पुष्कळ जण 'स्वदेस' (2004) या चित्रपटाची जागा म्हणून जातात. याच शिरूर तालुक्यात पाबळला मस्तानीची कबर आहे, साधी, दगडी, एका अंगणाएवढ्या आवारात. 2015 च्या 'बाजीराव मस्तानी'नं आरशांचा झगमगता महाल दाखवला आणि तो डोळ्यांत घेऊन पाबळला येणाऱ्याची निराशा होते. तिच्या कोथरूडच्या महालाचे खरे अवशेष बघायचे तर पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं लागतं. तिथं ते आणून पुन्हा उभे केले आहेत. चित्रपटातल्या महालापुढं तेही फिकेच वाटतात.

निमोण्यात फिरताना आणखी एक गोष्ट नजरेत भरली. गोठे बंद झाले आहेत. पूर्वी गोठा म्हणजे छप्पर आणि दावण, बाकी मोकळं. आता लोखंडी अँगलला चारी बाजूंनी जाळी, जाळीला कडी, कडीला कुलूप. शेळ्यांच्या खुराड्याला तर वरूनही जाळी. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत उसात बिबट्या राहायला आला त्याचा हा परिणाम. रानातल्या वस्तीवरच्या घरांना ओसरीभोवती सुद्धा गजांचा पिंजरा केलेला दिसतो. माणूस आत बसतो आणि अंधार पडला की दार लावून घेतो. दरोडेखोरांच्या भीतीनं ज्या भिंती जाड झाल्या होत्या, त्या पाडून घरं मोकळी केली आणि वीस-पंचवीस वर्षांत पुन्हा गज आले. इलेव्हेशनच्या फोटोत हे गज नसतात. ते घरमालक नंतर वेल्डिंगवाल्याकडून मापानं करून घेतो.

आता कांद्याच्या चाळीबद्दल. गावाबाहेर रानात जाऊन ती बघितली तेव्हा वाटलं, यायचं सार्थक झालं. लांबट, अरुंद, जमिनीपासून दीड-दोन फूट वर उचललेली. तळाला फटी ठेवून बसवलेल्या पट्ट्या किंवा बांबू, बाजूंनाही तशाच फटी, वर दोन्ही अंगांनी पुढं आलेलं छप्पर. कांदा जिवंत असतो, तो श्वास घेतो, गरम होतो, पाणी सोडतो. त्याला सगळ्या बाजूंनी वारा हवा, खालून सुद्धा. ऊन आणि पावसाची तिरपी सर नको. म्हणून रुंदी चार फुटांच्या आसपास. त्याहून जास्त केली की मधला कांदा सडतो. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधतात, म्हणजे पश्चिमेचा वारा तिच्या लांब बाजूतून आरपार जातो. दुपाखी पूर्व-पश्चिम. छप्पर पत्र्याचं असेल तर ते तापतं, म्हणून जाणता शेतकरी त्यावर उसाचं पाचट टाकतो. असं केलं की उन्हाळी कांदा चार-पाच महिने टिकतो आणि भाव पडला असताना विकायची घाई होत नाही.

या इमारतीत एकही वस्तू दाखवण्यासाठी नाही. दिशा, उंची, रुंदी, फट, छपराचा पुढावा, सगळ्याला कारण आहे आणि ते कारण शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. गंमत अशी की त्याच शेतकऱ्यानं स्वतःचं घर बांधताना वाऱ्याची दिशा विचारात घेतलेली नव्हती. "घराला पंखा लावता येतो की," तो म्हणाला. मे महिन्यात त्याच्या स्लॅबखाली झोपवत नाही आणि सगळे गच्चीवर जातात, हेही त्यानंच हसत सांगितलं. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी राजस्थानच्या हवेल्या बघायला नेतात. त्यांना एक दिवस इथं आणावं असं माझं मत आहे.

धान्य कुठं ठेवायचं यावर घर कसं ठरतं, याचा फार जुना पुरावाही घोड नदीच्याच काठावर, याच तालुक्यात आहे. निमोण्याहून न्हावऱ्याला, तिथून पूर्वेला इनामगावला गेलो. गावाजवळ घोड नदीच्या उजव्या काठी पांढरीची टेकाडं आहेत. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी 1968 ते 1983 या काळात इथं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 अशी नऊशे वर्षं इथं शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभरावर घरं मातीखालून वर आली. भारतात एका खेड्याचा इतका तपशीलवार अभ्यास फार थोड्या ठिकाणी झाला आहे.

भर वस्तीच्या काळातली घरं चौकोनी, पाच-सात मीटर लांब आणि तीन-पाच मीटर रुंद, कमी उंचीच्या कुडाच्या आणि मातीच्या भिंतींची, गवताच्या छपराची. मधे बोळ. आत चूल, चुलीपाशी रांजण टेकवायला चपटे दगड, कणगीसाठी गोल ओटा, जमिनीत चुन्यानं लिंपलेलं पेव. ही यादी मी आजींना वाचून दाखवली असती तर त्यांना त्यात नवं काही वाटलं नसतं. आज सरकारी घरकुलाचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर धरतात. ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्याचं घर साधारण तेवढंच होतं, काहींचं थोडं मोठं.

आणि मधोमध एक पाच खोल्यांचं घर, शेजारी धान्याचं कोठार. ते वस्तीच्या प्रमुखाचं असावं आणि धान्य तो कराच्या रूपानं गोळा करून अडीअडचणीला वाटत असावा, असा ढवळीकरांचा निष्कर्ष आहे. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष पुरलेला सापडला, वय चाळिशीच्या आसपासचं. इतर प्रौढांना पुरताना पावलं तोडत, त्याची शाबूत होती. एनसीईआरटीच्या सहावीच्या इतिहासात हा रांजण कित्येक वर्षं होता. म्हणजे दिल्लीच्या पोरांना इनामगाव माहीत होतं आणि शिरूरच्या स्टँडवर मी विचारलं तर एकानं मला तिथल्या उसाचा भाव सांगितला.

वस्तीची मांडणीही ओळखीची वाटते. सधन शेतकरी मधे. कुंभार, सोनार, हस्तिदंताचं काम करणारा हे पश्चिमेच्या कडेला. कुणाचं घर कुठं हे त्याच्या कामावरून ठरायची सवय या मातीत किती खोल गेली आहे! पाटाचं पाणीही होतं : नदीच्या पुरापासून बचावाचा बांध आणि त्याला लागून चर. एका घरात जमिनीखाली मातीच्या लहानशा पेटीत डोकं नसलेली स्त्रीची मूर्ती मिळाली, पेटीच्या झाकणावर दुसरी, आणि शेजारी बैल. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक. काडी घातली की ती बैलावर बसते. लेकरं गेली तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घरातच जमिनीखाली पुरत. घर म्हणजे निवारा, कोठार, देव्हारा आणि स्मशान, सगळं एकाच छपराखाली.

मग इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास पाऊसमान बिघडलं. मोठी चौकोनी घरं संपली आणि त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती खुंटली, शिकार आणि भटकणं वाढलं. इसवी सनापूर्वी 700 च्या आसपास लोक ही जागा सोडून गेले. घराचा आकार बदलला तेव्हा गावाचं नशीब आधीच बदललेलं होतं, एवढं त्या मातीतल्या खुणांवरून कळतं.

गोल घर गरिबाचं, ही समजूत मात्र तेव्हापासून अजून गेलेली नाही. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथं त्रिकोण जोडून केलेले घुमटाकार डोम उभे राहिले. कमी साहित्यात जास्त जागा देणारी, वादळाला दाद न देणारी रचना. शाळेतून बाहेर पडलेली पोरंही ती बांधू शकत. कागदावर तिच्यात दोष काढता येत नाही. पण गोल भिंतीला गोदरेजचं कपाट टेकत नाही, पलंगामागं जागा वाया जाते, आणि वर दुसरा मजला चढत नाही. दोन भावांच्या वाटणीत डोमचे दोन भाग कसे करायचे, हा प्रश्न मला एका शेतकऱ्यानं विचारला होता. त्याचं उत्तर कुठल्याच भूमितीत नाही.

इनामगावला आज जाणाऱ्यानं फार अपेक्षा ठेवू नये. खणलेली घरं उघडी ठेवलेली नाहीत आणि डोळ्यांना दिसते ती शेतं, नदी आणि पांढरट माती. तिथल्या वस्तू पुण्यात, येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. आधी ते बघून मग इथं यावं. उलट केलं तर काही हाती लागत नाही.

परतताना न्हावऱ्याहून पारगावचा भीमेवरचा पूल ओलांडून दौंड तालुक्यात शिरलो आणि केडगाववरून चौफुल्याला सोलापूर रस्ता धरला. चौफुला कला केंद्रांसाठी प्रसिद्ध. बाहेरून पत्र्याचे लांब आडोसे, रंगीत फलक, ट्रक उभे करायला मोकळं पटांगण. संगीत बारीची ही घरं आहेत : कलावंतिणींच्या पार्ट्या इथं वर्षानुवर्षं राहतात, त्यांची मुलं इथून शाळेला जातात, आणि संध्याकाळी त्याच आवारात मंच आणि बैठकी चालू होतात. 'नटरंग'सारख्या चित्रपटांतल्या लावणीचा मंच डोक्यात असेल तर ही जागा फार साधी वाटते. सिनेमातला मंच मात्र गाणं संपलं की उतरवतात, आणि इथं दुपारी त्याच मंचाच्या कडेला कपडे वाळत असतात. राहणं आणि दाखवणं यांच्यात निमोण्याच्या नव्या बंगल्यात जी भिंत आहे, ती इथं नाही. परवडत नाही हे एक कारण, पण एकच नव्हे. इथल्या बायांना प्रेक्षक कुठवर आत येऊ द्यायचा हे नेमकं ठाऊक असतं.

माळवदाची घरं आता वाचवायची म्हणून वाचणार नाहीत. पांढरी माती आणायची कुठून, लाकूड परवडतं कुणाला, दर उन्हाळ्यात वर चढून धुमसायला घरात माणूस कोण? आजींच्या मुलालाही येत्या दिवाळीनंतर घर पाडायचं आहे आणि त्यात त्याचं काही चुकतंय असं मला म्हणता येत नाही. आजींच्या डोक्यावर गळणारं छप्पर असावं अशी हौस पुण्यात राहणाऱ्यानं करू नये. विनंती एवढीच आहे. जुनं घर पाडायच्या आदल्या दिवशी टेप घेऊन त्याची मापं काढा. खण किती, भिंतीची जाडी किती, सवणं कुठं, बळद कुठं, चूल कुठल्या कोपऱ्यात, बाळंतिणीची खोली कुठली, हे वहीत लिहा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवून लिहा, कारण पुरुषांना बळदाचा बोळा कुठं होता हे माहीत नसतं. गावातल्या शाळेच्या आठवी-नववीच्या पोरांकडून हे काम एका सुट्टीत होईल. इनामगावची घरं समजायला पंधरा वर्षं खणावं लागलं. निमोण्याची घरं अजून उभी आहेत, त्यांना एक वही पुरेल.